सर्व्हरचा टाइमझोन बदलताय? चालू प्रोग्रामला कोण सांगणार?

इंदूरच्या सियागंजातल्या एका नमकीनच्या ठोक व्यापाऱ्यासाठी मी ऑर्डर घेणारा प्रोग्राम लिहिला होता. दिवसभर ऑर्डरी येत, पहाटे चारला गोदामातल्या प्रिंटरवर पर्ची निघे, आणि तिच्यावरून गाडी भरली जाई. सर्व्हर भाड्याचा, लिनक्सवाला, यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर, आपल्याहून साडेपाच तास मागे) चालणारा. लॉग (प्रोग्राम वेळेसह लिहून ठेवतो त्या नोंदी) बघताना दर वेळी साडेपाच तास मिळवायचा कंटाळा आला, म्हणून एका संध्याकाळी मी त्याचा टाइमझोन एशिया/कोलकाता करून टाकला. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणाऱ्या लिनक्सच्या सेवेत, रात्री साडेदहाची नोंद होती (यूटीसीचे साडेदहा म्हणजे आपले पहाटेचे चार), तिथे सरळ चार लिहिले. डेट कमांड चालवून पाहिली. वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळली, मी झोपले.

चार वीसला फोन. "दीदी, गाडी खड़ी है, पर्ची नी आई."

उठून हाताने पर्ची काढली, तर कोरी. एकही ऑर्डर नाही. डेटाबेसमध्ये हात घालून कशीबशी यादी काढून दिली, गाडी गेली. आणि सकाळी साडेनवाला, मी पोहे खात असताना, प्रिंटरने आपण होऊन दुसरी पर्ची काढली. तिच्यावर त्या दिवशी सकाळी आलेल्या, म्हणजे खरं तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीच्या ऑर्डरी. हमालांनी पेट्या उचलायलाही घेतल्या होत्या.

झालं असं की क्रॉनने माझी नवी नोंद वाचली, पण झोन जुनाच धरून ठेवला. त्याचे चार म्हणजे यूटीसीचे चार, आपले साडेनऊ. आणि ऑर्डर घेणारा प्रोग्राम तीन आठवडे बंदच झाला नव्हता, त्यामुळे तोही यूटीसीतच जगत होता. पहाटे चार वीसला त्याच्या लेखी अजून कालची तारीख होती. मी हाताने चालवलेली पर्ची मात्र नवा प्रोग्राम. तिने आजची तारीख मागितली आणि तिला काही मिळालं नाही.

त्यानंतर हे काम मी बऱ्याच ठिकाणी केलं, बहुतेक वेळा दुसऱ्याने घातलेला घोळ निस्तरायला. पहिल्यांदाच या भानगडीत पडणार असाल तर खालच्या क्रमाने जा. कमांडची आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत, फोनवर एकमेकांना सांगतो तशी. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- सर्व्हरवर ॲडमिनचे अधिकार, आणि बिघडलं तर चालेल अशी एक वेगळी मशीन किंवा व्हर्च्युअल मशीन
- चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रामची यादी, प्रत्येक कधीपासून चालू आहे त्यासह (पीएस कमांडने मिळते)
- क्रॉनच्या सगळ्या नोंदी. फक्त तुमच्या नव्हे, रूटच्या आणि इतर युजरच्याही
- डेटाबेसमध्ये वेळ ठेवणारे कॉलम कोणते आणि त्यांचा प्रकार काय, याचा कागद
- कामाचा माणूस ज्या घड्याळाकडे बघून काम करतो ते घड्याळ कोणत्या गावचं, याचं उत्तर

शेवटचं उत्तर मालकाला विचारूनच लिहा. "अपना टाइम" एवढ्यावर काम सोडू नका.

१. कोणता बदल होतोय ते आधी ओळखा

उज्जैनच्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र पाहिलं असेल तर हे चटकन कळेल. त्याची सावली तिथला सूर्य दाखवते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि उज्जैन-इंदूर पडतं ७६च्या थोडं अलीकडे. म्हणून सावलीची वेळ मनगटावरच्या घड्याळाच्या सरासरी सव्वीस-सत्तावीस मिनिटं मागे. क्षण तोच, लेबलं दोन. टाइमझोन बदलणं म्हणजे फक्त लेबल बदलणं. संगणकाच्या आत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजले जातात आणि झोन बदलल्याने त्यात एका सेकंदाचाही फरक पडत नाही.

यात तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली: मशीनचा झोनच बदलला. यूटीसीवरून कोलकाता केला, किंवा कोणी लॅपटॉप घेऊन दुबईला गेलं.

दुसरी: झोन तोच, पण त्याचे नियम बदलले. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळ्या देशाला एकच वेळ लावली. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागातली उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत) बंद केली. अशा वेळी टीझेडडेटा नावाचं नियमांचं पॅकेज अपडेट होतं. पण चालू प्रोग्रामने जुने नियम मेमरीत घेतलेले असतात ते तसेच राहतात. शिवाय जावा स्वतःची नियमांची प्रत सोबत बाळगते, त्यामुळे सिस्टीमचं पॅकेज अपडेट करून तिला काही कळत नाही. तिचं वेगळं करावं लागतं.

तिसरी: उन्हाळी वेळ सुरू किंवा बंद झाली. हा बदलच नव्हे. न्यूयॉर्कचे नियम ज्याच्याकडे आहेत त्या प्रोग्रामला मार्च आणि नोव्हेंबरमधल्या उड्या आधीच ठाऊक असतात, रीस्टार्ट लागत नाही.

आणखी एक प्रकार आहे, तो करूच नका: वेळ चुकीची दिसते म्हणून झोनऐवजी घड्याळच साडेपाच तास पुढे ढकलणं. दिसायला बरोबर दिसतं, पण सेकंदांची मोजणीच खोटी होते. सुरक्षित जोडण्यांची सर्टिफिकेटं अडतात, लॉगिनचे टोकन मुदतीआधी मरतात, आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ बरोबर ठेवणारी सेवा) चालू असेल तर ते घड्याळ पुन्हा मागे ओढतं. एका ठिकाणी मी हे सोडवायला गेले तेव्हा आधीच्या माणसाने एनटीपीच बंद करून ठेवलं होतं, "बार बार टाइम बिगाड़ रहा था" म्हणून.

२. तुमचा प्रोग्राम झोन कधी वाचतो ते बघा

मूळ गोम इथेच आहे. बहुतेक भाषा झोन एकदाच, पहिल्यांदा गरज पडेल तेव्हा वाचतात आणि मरेपर्यंत तोच धरून बसतात.

सी आणि लिनक्सची नेहमीची लायब्ररी, म्हणजे जीलिबसी: टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) ठेवलेला नसेल तर लोकलटाइम हे फंक्शन दर वेळी ईटीसी डिरेक्टरीतली, मशीनचा झोन सांगणारी लोकलटाइम फाइल बदलली का ते तपासतं. पण त्याचा थ्रेडसाठी (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांसाठी) सुरक्षित भाऊ, लोकलटाइम-आर, तसं तपासत नाही. म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एका ओळीत नवी वेळ आणि दुसऱ्या ओळीत जुनी, हेही होऊ शकतं. त्यात काही जण सारखं तपासणं वाचावं म्हणून टीझेडमध्ये त्या फाइलचाच पत्ता देऊन ठेवतात. वेग मिळतो, पण मग बदल झाला तरी पत्ता तोच राहिल्याने कोणालाच काही कळत नाही.

पायथन: नुसतं डेटटाइम डॉट नाऊ वापरत असाल तर जुनाच झोन राहतो, टाइम डॉट टीझेडसेट बोलावल्यावर नवा येतो. विंडोजवर ते फंक्शनच नाही. माझा ऑर्डरवाला प्रोग्राम इथेच अडकला होता. पायथन ३.९ पासून झोनइन्फो आहे. त्यात गावाचं नाव देऊन झोन मागितला तर मशीनच्या झोनशी संबंधच उरत नाही. त्याचीही कॅश (एकदा वाचलेलं जपून ठेवलेला साठा) असते, नियम बदलले तर ती रिकामी करावी लागते.

जावा: डीफॉल्ट झोन एकदा घेतला की घेतला. प्रोग्राममधून सेटडीफॉल्ट करा, नाहीतर रीस्टार्ट.

गो: टाइम डॉट लोकल सुरुवातीलाच ठरतो. रीस्टार्ट.

डॉटनेट: टाइमझोनइन्फोमध्ये क्लिअरकॅश्ड्‌डेटा आहे, ते बोलवा.

नोड: प्रोग्राममधूनच टीझेड व्हेरिएबल बदलला तर अलीकडच्या आवृत्त्या लगेच मानतात. बाहेरून मशीनचा झोन बदलला तर त्यावर भरवसा ठेवू नका.

माझ्या किंवा आणखी कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, स्वतः पाहा. दर पाच सेकंदांनी वेळ छापणारा दहा ओळींचा प्रोग्राम लिहा, तुम्ही वापरता त्याच फंक्शनने. तो चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन देऊन काठमांडू करा. काठमांडूच का, तर ते यूटीसीपेक्षा पावणेसहा तास पुढे आहे. छापलेल्या मिनिटांत पंधराचा फरक पडला की पडला, डोळ्यांना शंका राहत नाही. दहा मिनिटांत तुमच्या भाषेचं, तुमच्या आवृत्तीचं खरं उत्तर हातात असतं.

३. काय साठवायचं ते ठरवा

होऊन गेलेली गोष्ट (ऑर्डर आली, पैसे मिळाले) यूटीसीत साठवा. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर कॉलमचा प्रकार टाइमस्टॅम्पटीझेड, मायएसक्यूएल असेल तर टाइमस्टॅम्प. मायएसक्यूएलचा डेटटाइम झोनकडे बघत नाही, जे द्याल तेच ठेवतो, त्यात दोन झोनची खिचडी झाली तर निवडून काढता येत नाही.

पुढे व्हायची, माणसाने ठरवलेली गोष्ट (रोज पहाटे चारला पर्ची) यूटीसीत साठवू नका. भिंतीवरची वेळ आणि गावाचं नाव, दोन्ही ठेवा: "०४:००, एशिया/कोलकाता". यूटीसीतला क्षण आयत्या वेळी काढा. नियम बदलले तरी माणसाला चार म्हणजे चारच हवे असतात.

किती वेळ लागला, किती वेळ थांबायचं, हे मोजायला भिंतीवरचं घड्याळ वापरूच नका. बहुतेक भाषांत मोनोटॉनिक नावाचं घड्याळ असतं, ते फक्त पुढे जातं. "चार वाजायला किती सेकंद उरले ते मोजून तितका वेळ झोप" असं लिहिलेले प्रोग्राम मी खूप पाहिलेत. झोप लागल्यावर झोन बदलला तर ते आपले जुन्या चारलाच उठतात. त्यापेक्षा दर मिनिटाला उठून "वाजले का चार?" असं विचारणारा प्रोग्राम बावळट वाटेल, पण चुकत नाही.

आणि "आजची तारीख" हा शब्द कोडमध्ये जिथे जिथे आहे तिथे थांबा. कुठली आजची? माझ्या गोदामाचा दिवस खरं तर पहाटे चारला बदलतो, रात्री बाराला नाही. यूटीसीवर तो साडेपाचला बदलत होता आणि वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण चार ते साडेपाच कोणी ऑर्डर देत नव्हतं.

४. झोनचं नाव नीट लिहा. "आयएसटी" लिहू नका

हा सापळा मला सगळ्यांत जास्त वेळा भेटतो. लिनक्सवर टीझेडमध्ये नुसतं आयएसटी एवढंच देऊन डेट चालवून पाहा. वेळेपुढे छान "आयएसटी" छापलेलं येईल आणि वेळ मात्र यूटीसीची असेल! त्या नावाची फाइल सापडत नाही, सिस्टीम मुकाट्याने यूटीसी धरते आणि तुम्ही दिलेलं नाव लेबल म्हणून डकवते. चूक दाखवत नाही, थांबत नाही. आयएसटी हे इस्रायलचं आणि आयर्लंडचंही लघुरूप आहे, तेव्हा त्या बिचाऱ्या मशीनने तरी काय करावं.

स्पेलिंग चुकलं तरी हेच होतं. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (मशीनच्या आत वेगळ्या खोलीसारखा चालणारा प्रोग्राम) टीझेडडेटा पॅकेज मुळात नसतंच, तिथे बरोबर नाव देऊनही यूटीसीच मिळते. जावाच्या जुन्या टाइमझोन वर्गाला अनोळखी नाव दिलं तर तो गुपचूप जीएमटी देतो. नवा झोनआयडी एरर देतो, म्हणून तोच वापरा.

"एशिया/कलकत्ता" हे जुनं नाव अजून चालतं, घाबरू नका. नुसतं "+५:३०" मात्र टाळा. १९४२च्या सप्टेंबरपासून १९४५च्या ऑक्टोबरपर्यंत, युद्धाच्या काळात, आपलं घड्याळ यूटीसीपेक्षा साडेसहा तास पुढे होतं. रामबागेतल्या एका काकांना त्यांच्या आईची १९४३ची जन्मवेळ घालून पत्रिका करून हवी होती, तेव्हा हा एक तास मला कळला. गावाचं नाव दिलं असतं तर प्रोग्रामला तो आपोआप कळला असता.

५. बदल झाल्याचं प्रोग्रामला कळण्याची सोय

माझं मत आधीच सांगते: सर्व्हर असेल तर ही सोय करायच्या फंदात शक्यतो पडू नका. मशीन यूटीसीवरच ठेवा, कोडमध्ये गावाचं नाव लिहा, संपलं. मी शेवटी सियागंजासाठी तेच केलं. पण प्रोग्राम लोकांच्या लॅपटॉपवर किंवा फोनवर चालत असेल तर सुटका नाही, कारण माणूस मशीन घेऊन हिंडतो.

अँड्रॉइडवर टाइमझोन बदलल्याचा ब्रॉडकास्ट येतो. तो ऐका आणि लावलेले गजर पुन्हा लावा. गजर सेकंदांच्या हिशेबात लावलेला असतो, तो आपण होऊन सरकत नाही. ॲपलच्या सिस्टीमवर तशीच सूचना आहे, शिवाय ऑटोअपडेटिंगकरंट नावाचा झोन आपोआप बदलतो. नुसता करंट घेऊन ठेवलात तर फसाल. विंडोजवर टाइमचेंजचा संदेश खिडक्यांना जातो. पार्श्वभूमीतल्या प्रोग्रामला खिडकीच नसते, त्यामुळे त्याच्यापर्यंत तो पोचत नाही.

लिनक्सवर यासाठी सिग्नलच नाही. फाइलवर आयनोटिफाय (बदल झाला की कळवणारा पहारा) लावता येतं, पण लोकलटाइम ही बहुधा सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल, असते आणि बदलताना जुनी काढून नवी ठेवली जाते. फाइलवर पहारा लावलात तर तो जुन्या फाइलवरच बसून राहतो. ईटीसी डिरेक्टरीवर लावा. किंवा डीबसवरून (प्रोग्रामांनी एकमेकांना निरोप देण्याची लिनक्सची सोय) टाइमडेट१ या वेळ सांभाळणाऱ्या सेवेचे बदल ऐका. मला सगळ्यांत आवडतो तो साधा मार्ग: प्रोग्रामला एचयूपी सिग्नल आला की त्याने टीझेडसेट बोलवावं आणि सगळं नव्याने मोजावं. सिग्नल माणूस पाठवतो, त्यामुळे बदल कधी लागू झाला ते लॉगमध्ये सापडतं.

एक इशारा सीवाल्यांसाठी: अनेक थ्रेड चालू असताना सेटएन्व्हने टीझेड बदलू नका. दुसरा थ्रेड त्याच क्षणी वेळ विचारत असेल तर प्रोग्राम कोसळू शकतो, आणि तोही महिन्यातून एकदा, जेव्हा बघायला कोणी नसतं.

६. कळल्यावर काय काय पुन्हा मोजायचं

नुसता झोन ताजा करून भागत नाही. त्या झोनवरून आधी काढून ठेवलेली उत्तरं प्रोग्रामभर पसरलेली असतात. पुढच्या कामाची मोजून ठेवलेली वेळ. तारीख छापणारे फॉर्मॅटर, जे एकदा बनवून जपून ठेवलेले असतात. लॉगच्या फाइलचं नाव. "आजच्या बेरजे"ची कॅश. डेटाबेसच्या जोडण्या: पोस्टग्रेसचा जावा ड्रायव्हर जोडणी करतानाच स्वतःचा झोन सर्व्हरला सांगून ठेवतो, त्यामुळे पूलमधली (पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या जोडण्यांमधली) जुनी जोडणी जुन्याच झोनमध्ये बोलत राहते.

दुहेरी कामाचा बंदोबस्तही इथेच करा. झोन पुढे गेला तर काही कामांची वेळ उडून जाते, मागे गेला तर तीच वेळ दुसऱ्यांदा येते. प्रत्येक कामाला "कोणत्या दिवसाची पर्ची" असा एक क्रमांक द्या आणि तो डेटाबेसमध्ये युनिक ठेवा. एकदा निघालेली पर्ची मग कोणत्याही घड्याळाने दुसऱ्यांदा निघत नाही. हमालांच्या पेट्यांनी शिकवलेला धडा आहे.

७. सर्व्हरचा झोन बदलायचाच असेल तर

मालकाचा हट्ट असतो कधी कधी. मग कामाची गर्दी नसेल ती वेळ धरा. क्रॉनमधली दोन्ही झोनच्या वेळांमधली कामं आधी थांबवा. मग बदल करा, आणि या क्रमाने रीस्टार्ट द्या: लॉग घेणारी सेवा, डेटाबेस, तुमचे प्रोग्राम, सगळ्यात शेवटी क्रॉन. मायएसक्यूएल मशीनचा झोन सुरू होतानाच वाचतो. पोस्टग्रेसचं वेगळंच: त्याच्या कॉन्फिगच्या फाइलमध्ये झोन लिहिलेला असतो, रीस्टार्ट देऊनही तो बदलत नाही, फाइलच बदलावी लागते.

कंटेनरमध्ये बाहेरची लोकलटाइम फाइल जोडलेली असेल तर आत जुनीच दिसत राहील, कारण जोडणी त्या वेळच्या फाइलशी झालेली असते. कंटेनर नव्याने उभा करा. पूर्ण मशीन रीबूट करता येत असेल तर तेच करा. यात कमीपणा काही नाही, आणि यादीतलं एखादं नाव विसरलं तरी निभावतं.

मग तपासणी. डेट कमांडवर विश्वास नको, ती प्रत्येक वेळी नवा जन्म घेते म्हणून नेहमी बरोबरच दिसते. त्याऐवजी चालू प्रोग्रामनेच लॉगमध्ये लिहिलेली वेळ बघा. क्रॉनसाठी पाच मिनिटांनंतरची एक खोटी नोंद टाका, फाइलमध्ये एक ओळ लिहिणारी, आणि तेवढ्यात चहा ठेवा. उकळी येईपर्यंत ओळ आली तर झोपायला हरकत नाही.